सकाळी डबा घेऊन कुठे जायचे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एका विषयाची पत्रे सर्वाधिक आहेत : हातची नोकरी गेली आहे, बाजारात मागणी कमी आहे, आणि दुसरी मिळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे ते सुचत नाही. म्हणून या वेळचे सदर त्यांतील चार पत्रांनाच दिले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

उत्तरे देणारी मी 26 वर्षे पिंपरी-चिंचवडमधील कारखान्यांच्या कर्मचारी विभागात होते. नेमणुकीची पत्रे जशी माझ्या सहीने गेली, तशी कमी केल्याचीही गेली. मशीन शॉपमधील एका गृहस्थांनी असे पत्र वाचून त्याची नीट घडी घातली, खिशात ठेवले आणि मला विचारले, "मॅडम, मग उद्या सकाळी मी घरातून किती वाजता निघायचे?" मला उत्तर देता आले नव्हते. पहिले पत्र वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

प्रश्न : मी 41 वर्षांचा असून हिंजवडीतील एका आयटी कंपनीत 16 वर्षे टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या, कामात होतो, शेवटची पाच वर्षे टेस्ट लीड, म्हणजे तपासणी गटाचा प्रमुख, होतो. काम मुख्यतः विमा कंपन्यांच्या दाव्यांच्या प्रणालींचे असे. प्रकल्प संपल्यावर दोन महिने बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना नुसत्या पगारावर, ठेवून एक दिवस बैठकीला बोलावले आणि आजच राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटरवर (कामातून मुक्त केल्याच्या पत्रावर) काही शेरा येणार नाही, असे सांगितले. मी सही केली. त्याला अडीच महिने झाले. पत्नीला सर्व ठाऊक आहे. परंतु सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेल्या आईवडिलांना मी काहीच सांगितलेले नाही. वडील निवृत्त शिक्षक आहेत. आई पहाटे उठून माझा डबा करते. मी साडेआठला बॅग घेऊन बाहेर पडतो, ग्रंथालयात बसून अर्ज भरतो आणि दुपारी सर्व्हिस रोडच्या कडेला गाडी लावून डबा खातो. आतापर्यंत 140 अर्ज केले, चार मुलाखती झाल्या, पुढे काही घडले नाही. घराचा हप्ता 38 हजार आहे. माझे वय आड येत आहे का? पीएफ काढून घ्यावा का?

उत्तर : तुमच्या पत्रात 140 अर्जांचा उल्लेख आहे, पण तुम्ही ज्याच्याशी बोललात अशा एकाही माणसाचा नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. आईवडिलांपासून जे लपवले आहे, ते तुम्ही बहुधा जुन्या सहकाऱ्यांपासूनही लपवले असणार, कारण लपवण्याची सवय घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. आणि मागणी मंदावलेल्या बाजारात नोकरी मिळते ती बहुतेक वेळा अशा माणसांकडून, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेले आहे.

यामागे काय घडते ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. एका जागेची जाहिरात संकेतस्थळावर पडली की दोन-तीन दिवसांत शेकड्यांनी अर्ज येतात. ते सगळे वाचणे कोणालाही शक्य नसते. भरती करणारी मुलगी किंवा मुलगा आधी ठरावीक शब्दांची चाळणी लावतो, मग वर्षे, अपेक्षित पगार आणि किती दिवसांत रुजू होणार हे पाहतो, आणि मुलाखतीपुरती दहा-बारा नावे मिळाली की उरलेले अर्ज उघडतही नाही. तुमचा अर्ज नाकारला गेला असे तुम्ही समजता. प्रत्यक्षात तो कोणी पाहिलेलाच नसतो. याउलट आमच्याकडे जागा रिकामी झाली की विभागप्रमुख पहिला प्रश्न एकच विचारीत : "कोणाच्या पाहण्यात चांगला माणूस आहे का?" त्या वेळी ज्याचे नाव निघे, त्याचा कागद थेट टेबलावर येई. मुलाखत त्यालाही द्यावी लागे आणि तो नापासही होई, परंतु चाळणीतून मात्र त्याची सुटका झालेली असे.

पुष्कळ मराठी माणसांना हा वशिला वाटतो आणि त्यामुळे ते तोंड उघडत नाहीत. वशिला म्हणजे लायकी नसताना मिळवलेली जागा. ज्या माणसाने तुमच्याबरोबर सॉफ्टवेअरच्या पाच रिलीज (नव्या आवृत्त्या) रात्री जागून पार पाडल्या, त्याने तुमचे नाव सुचवणे म्हणजे त्याने दिलेली साक्ष असते, आणि साक्षीदाराला बोलावल्याशिवाय तो येत नाही. त्यातून बऱ्याच कंपन्यांत रेफरलमधून माणूस घेतला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही असते. तेव्हा तुम्ही फोन केला म्हणजे त्याच्यावर ओझे टाकले, असे मानू नका.

या आठवड्यात एक वही घ्या आणि 16 वर्षांत ज्यांच्याबरोबर काम केले त्या चाळीस जणांची नावे लिहून काढा. तुमच्या आधी कंपनी सोडून गेलेले, ग्राहक कंपनीच्या बाजूने तुमच्याशी रोज बोलणारे, विकासक आणि बिझनेस अॅनालिस्ट हे त्यात आलेच. शिवाय एके काळी तुमच्या हाताखाली शिकलेली आणि आज दुसरीकडे टीम सांभाळणारी मुलेही घ्या. शेवटच्या गटाला फोन करणे सर्वांत अवघड जाईल, आणि माझ्या अनुभवात मदत होते ती तिथूनच. रोज चार जणांशी बोला. "काही असेल तर बघ" एवढेच म्हणू नका, कारण त्याला "हो, बघतो" याखेरीज उत्तर नसते. त्याऐवजी असे म्हणा : "माझी जागा फेब्रुवारीत गेली. विमा-दाव्यांच्या प्रणालींचे टेस्टिंग मी पंधरा वर्षे केले आहे. तुमच्याकडे विमा किंवा बँकिंगच्या प्रकल्पावर लीड किंवा सीनियर टेस्टरची जागा निघणार आहे का, आणि नसेल तर खराडी-बाणेरकडे कोणाशी बोलू?" महिना तुमचा घाला. नेमका प्रश्न विचारला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे नेमका माणूस येतो. फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी सीव्ही पाठवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारा. त्याला कोणी चिकटपणा म्हणत नाही.

आता वयाविषयी. वय आड येते, हे मी नाकारणार नाही. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा भर मधल्या आणि वरच्या फळीवर असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. तुमच्या पगारात दोन तरुण टेस्टर मिळतात, असा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबाशी तरुणांच्या मैदानात झगडू नका. दावा दाखल झाल्यापासून रक्कम विमेदाराच्या खात्यात पडेपर्यंत प्रणालीत कुठे काय बिघडते, हे ज्याला पाठ आहे असा माणूस दोन वर्षांच्या अनुभवात तयार होत नाही. तुमच्या सीव्हीच्या पहिल्या तीन ओळींत हेच आले पाहिजे. बहुतेक सीव्हींत तिथे टूल्सची लांबलचक यादी असते आणि विमा हा शब्द दुसऱ्या पानावर सापडतो. पुण्यात परदेशी बँका आणि विमा कंपन्यांनी स्वतःची केंद्रे काढली आहेत. त्यांना क्षेत्र जाणणारा माणूस लागतो, आणि तुमचे निम्मे फोन तिकडे गेले पाहिजेत. त्याचबरोबर, तुमचे काम मुख्यतः मॅन्युअल टेस्टिंगचे, म्हणजे हाताने तपासण्याचे, असेल तर ग्रंथालयातील वेळ अर्ज भरण्यात न घालवता सेलेनियम किंवा प्लेराइट या आपोआप तपासणी करणाऱ्या साधनांपैकी एक नीट शिकण्यात घाला, आणि त्यात विमा-दाव्याचेच एक छोटे उदाहरण स्वतः लिहून तयार ठेवा. अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रापेक्षा ते उपयोगी पडते, कारण मुलाखतीत ते उघडून दाखवता येते.

"आधीची नोकरी का सोडली?" या प्रश्नावर तुम्ही अडखळत असणार, असे मला चार मुलाखतींच्या उल्लेखावरून वाटते. उत्तर एका वाक्यात द्या : "प्रकल्प संपला, कंपनीने त्या फळीतील जागा कमी केल्या, त्यात माझी गेली; मला आता विमा क्षेत्रातच काम करायचे आहे." एवढे सांगून थांबा. कंपनीची निंदा नको आणि तीन मिनिटांचा खुलासाही नको. मुलाखत घेणाऱ्याच्या ओळखीतही कोणाची तरी नोकरी गेलेली असते. त्याला फक्त तुम्ही त्या गोष्टीतून बाहेर आला आहात का, एवढे पाहायचे असते.

पैशांची बाजू. पहिली गोष्ट, पीएफला हात लावू नका. योगदान थांबले तरी शिलकीवर व्याज मिळत राहते, आणि नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर) खाते पुढे चालते. तुमची पेन्शन योजनेतील सेवा 10 वर्षांहून अधिक झाली असल्याने 58 व्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्कही तयार झालेला आहे. फक्त पीएफच्या संकेतस्थळावर तुमची नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे का, ते आजच पाहा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते. ही नोंद नसली की पुढे रक्कम वळती करताना अडते.

ग्रॅच्युइटी मिळाली का, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. राजीनामा दिला म्हणून ती जात नाही. पाच वर्षे पूर्ण झाली की तो हक्क आहे, आणि देय झाल्यापासून 30 दिवसांत ती द्यावी लागते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये धरले, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचे आणि 16 वर्षांनी गुणायचे. रक्कम 5,53,846 रुपये होते. 20 लाखांपर्यंत ती करमुक्त असते. शिल्लक रजेचे पैसे वेगळे, आणि नोकरी सोडताना मिळालेले तेही 25 लाखांच्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचेही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते. अडीच महिन्यांनंतरही फुल अँड फायनल, म्हणजे देण्यांचा अखेरचा हिशेब, झाले नसेल, तर एक साधा, तारखा घातलेला ईमेल पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

बँकेत हप्ता थकण्याआधी जा. एकदा थकल्यावर 90 दिवसांत कर्ज अनुत्पादक ठरते आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही; त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याविषयी बोलणे होऊ शकते. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात बाजूला काढलेत तर तुम्ही पहिल्या मिळेल त्या पगारावर घाईने होकार देणार नाही. मोबाइल अॅपवरून झटपट मिळणारे कर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी मला तुमच्या वडिलांच्या संदर्भात तातडीची वाटते. कंपनीचा समूह आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आईवडील त्यात असतील तर ते आज विम्याविना आहेत, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. त्याच विमा कंपनीत समूहातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. मुदत गेली असेल तरी विचारा, आणि नाही म्हणाले तर नवी पॉलिसी लगेच घ्या. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

राजीनामा दबावाखाली घेतला, याविषयी पुण्यातील अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. कपातीची भरपाई, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, ही कायद्यातील 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते, आणि तुम्ही त्यात बसता की नाही हे पदनामावर नव्हे तर तुम्ही प्रत्यक्षात काय काम करीत होता यावर ठरते. स्वतः टेस्टिंग करणारा लीड आणि केवळ माणसे सांभाळणारा लीड यांत फरक पडतो. त्या बैठकीचे निमंत्रण, नंतरचे ईमेल, बेंचवर ठेवल्याचे पत्र हे सर्व असेल तर एकदा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. माझे मत विचाराल तर देणी शेवटच्या रुपयापर्यंत मागा, परंतु त्या लढ्याला नोकरी शोधण्याचा वेळ देऊ नका.

आईवडिलांना या रविवारी सांगा. वडिलांनी आयुष्यभर नापास झालेल्या मुलांना पुन्हा बाकावर बसवले आहे. तुम्ही समजता तेवढे ते हादरणार नाहीत. सोमवारी डबा घरीच जेवा, आणि जो वेळ वाचेल त्यात चार फोन करा.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर होतो. सहा वर्षे एकाच ठेकेदाराकडे आहे. मध्ये दोनदा कागदावर ब्रेक दिला, पण काम बंद झाले नव्हते. ऑर्डर कमी झाल्या म्हणून गेल्या महिन्यात आम्हा 30 जणांना गेटवरच थांबवले. पत्र दिले नाही. हातात 18,500 रुपये पगार होता, त्यात बेसिक आणि डीए 13,000. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ कापत होते. पत्नीला सातवा महिना आहे. ईएसआयचे कार्ड बंद झाले का? आणि मला काही मिळेल का?

उत्तर : कार्डाचे आधी. ते लगेच बंद होत नाही. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये उपचारांचा हक्क असतो. वर्गणी पुरेशा दिवसांची भरली गेली असेल तर पत्नीचे बाळंतपण तुम्ही ईएसआयच्या रुग्णालयातून करू शकाल. उद्याच शाखा कार्यालयात जाऊन तुमच्या नावावर कोणत्या काळापर्यंत हक्क दिसतो, ते विचारून घ्या.

तिथेच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचाही अर्ज विचारा. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच, या योजनेतून मिळते. तुमच्या पगाराला हे साधारण 27 हजार रुपये होतात. अट अशी की विमा किमान दोन वर्षांचा असावा, लगतच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी असावी, त्याआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन काळांपैकी एकातही तेवढीच असावी, आणि गैरवर्तनामुळे काढलेले नसावे. काम सुटल्यापासून 30 दिवसांनी दावा करता येतो. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा ती सध्या चालू आहे याची खात्री शाखेतच करा.

आता ब्रेक. ठेकेदार ब्रेक का देतो, हे चाकणमध्ये सर्वांना ठाऊक आहे. वर्षात 240 दिवस भरले की सेवा सलग धरली जाते, आणि ती तशी धरली जाऊ नये यासाठी कागदावर खाडा दाखवला जातो. तुम्ही त्या काळातही कामावर होता, तर पुरावा तुमच्याच मोबाइलमध्ये आहे. पीएफचे पासबुक उघडा आणि त्या महिन्यांत रक्कम जमा झाली आहे का पाहा. बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, गेटपासचे फोटो, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप गटातील निरोप, हे सगळे आजच साठवून ठेवा, कारण अशा गटांतून लोकांना लवकर काढून टाकतात. ठेकेदाराकडे पाच वर्षे सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी ठेक्यावरच्या माणसालाही लागू आहे. तुमचा हिशेब सोपा आहे : 13,000 गुणिले 15 भागिले 26, म्हणजे वर्षाला 7,500, आणि सहा वर्षांचे 45,000 रुपये. शिवाय नोटीस न देता थांबवले, म्हणजे एक महिन्याचे नोटिशीचे वेतन आणि वर्षामागे 15 दिवसांची भरपाई हेही मागता येते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी 15 दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीतून 45 दिवसांत जमा करण्याची तरतूद आहे. हे एकट्याने मागू नका. तीस जणांनी मिळून एकच लेखी अर्ज करावा, त्यावर पोच घ्यावी, आणि ठेकेदाराने दाद दिली नाही तर तोच अर्ज कामगार आयुक्तांकडे द्यावा. तीस सह्यांचा कागद बाजूला सारणे कठीण जाते.

नोकरीसाठी तुम्ही नाक्यावर आणि ठेकेदारांच्या कार्यालयांत विचारत असाल, तर ते चालू ठेवा. परंतु तिथे गेल्यावर "ऑपरेटर आहे" एवढेच सांगू नका. मी भरती करीत असताना दिवसाला चाळीस ऑपरेटर येत, आणि त्यांत सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावून देणे) येणारे दोन असत. तुम्ही टर्निंग सेंटर चालवले की व्हीएमसी (उभे मिलिंग मशीन), कंट्रोल फॅनुकचा की सीमेन्सचा, टूल बदलल्यावर ऑफसेट स्वतः देता का, पहिला पीस मायक्रोमीटरने स्वतः तपासता का, किती मायक्रॉनच्या टॉलरन्सवर काम केले, हे एका पानावर मराठीत लिहून नेले तरी चालते. ज्या सुपरवायझरने तुम्हाला मशीनवर पाहिले आहे, त्याचा नंबर त्याला विचारून त्या पानावर खाली लिहा. तोही पूर्वी दुसऱ्या कारखान्यातून आलेला असतो आणि रांजणगाव, तळेगाव, भोसरी इथे त्याची माणसे असतात. सेटिंग येत नसेल तर या रिकाम्या महिन्यांत एखाद्या लहान जॉब शॉपमध्ये कमी पैशांत का होईना, ते शिकण्याच्या अटीवर काम धरा. भोसरीत अशी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवून ठेवा, जिल्ह्यातील रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते.

प्रश्न : एका कन्सल्टन्सीने पुण्यातल्या मोठ्या कंपनीत जागा पक्की असल्याचे ऑफर लेटर व्हॉट्सअॅपवर पाठवले असून 15,000 रुपये परत मिळणारी अनामत मागितली आहे. मुलाखत फोनवर दहा मिनिटांची झाली. भरावेत का?

उत्तर : भरू नका. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून लॅपटॉपसाठी, प्रशिक्षणासाठी, पडताळणीसाठी किंवा अनामत म्हणून पैसे घेत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दूरध्वनी क्रमांक शोधून त्या पत्राची खात्री करा. पत्रावर छापलेल्या क्रमांकावर नव्हे. काही रक्कम आधीच दिली असेल तर एक तासही न थांबता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते.

प्रश्न : मी नाशिकला राहते. माझा मुलगा न्यू जर्सीत एच-1बी व्हिसावर (अमेरिकेत कुशल कामासाठी कंपनीमार्फत मिळणाऱ्या) नोकरी करतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेली. त्याने त्याच दिवशी फोन करून सांगितले, पण तेव्हापासून मला झोप नाही. साठ दिवसांत नोकरी मिळाली नाही तर परत यावे लागेल, असे तो म्हणतो. मी त्याला आताच ये म्हणावे का? रोज फोन केला तर तो चिडतो.

उत्तर : त्याने त्याच दिवशी तुम्हाला सांगितले, ही गोष्ट लहान नाही. या सदराच्या पहिल्या पत्रलेखकाला ते अडीच महिन्यांत जमलेले नाही.

साठ दिवसांचे त्याने सांगितले ते बरोबर आहे. नोकरीच्या अखेरच्या दिवसापासून जास्तीत जास्त 60 दिवस, किंवा त्याची अमेरिकेत राहण्याची नोंदलेली मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, त्याला तिथे राहता येते. मात्र त्या काळात नुसती नोकरी पक्की होऊन भागत नाही. नव्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केलेला असावा लागतो. अर्ज दाखल झाला की निकालाची वाट न पाहता त्याला कामावर जाता येते. कागदपत्रे तयार करायला कंपनीच्या वकिलांना वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या हातात चाळीसच दिवस आहेत असे धरायला हवे, आणि त्यांतले तीन आठवडे गेले आहेत. त्याचे लग्न झाले असून सुनेचा स्वतःचा एच-1बी असेल तर तिच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, नाहीतर पाहुण्याच्या व्हिसावर बदलून घेण्याचा अर्ज मुदतीत करता येतो. त्यावर सहसा नोकरी करता येत नाही, पण शोधायला सवड मिळते. हे त्याने आधीच्या कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला विचारून करावे.

त्याला घाईने परत बोलावू नका, याचे एक ठोस कारण आहे. सप्टेंबर 2025 मध्ये निघालेल्या आदेशानुसार अमेरिकेबाहेर असलेल्या, वैध एच-1बी व्हिसा हाती नसलेल्या माणसासाठी नवा एच-1बी अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले आहे. तिथेच राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागू नाही. एकदा तो विमानात बसला की तिकडची दारे पूर्वीसारखी उघडी राहत नाहीत. त्यामुळे परत येण्याचा निर्णय त्याने विचार करून घ्यावा, भीतीपोटी नव्हे. यायचेच ठरले, तर मुदत संपण्याआधी काढून टाकलेल्या एच-1बी कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. तो त्याने जरूर मागावा. आणि परतीची तयारी म्हणून पुणे, मुंबई, बंगळूर इथल्या जुन्या सहकाऱ्यांशी त्याने आतापासूनच बोलणे सुरू करावे. तिथली नोकरी शोधणे आणि इथली चाचपणी ही एकाच वेळी चालू शकतात.

रोजच्या फोनवर तुम्ही पहिला प्रश्न "काही झाले का?" हाच विचारत असाल. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते तेव्हा हा प्रश्न त्याला रोज एकदा हरवतो. बातमी असली की तो आपणहून सांगेल, एवढे एकदा ठरवून घ्या आणि रविवारी फोन करा. तो जेवला काय, भाजी काय केली होती, शेजारच्या काकूंच्या नातीचे बारसे कसे झाले, हे बोला. फोन ठेवण्याआधी एकदाच सांगा, की यायचे ठरलेच तर वरची खोली झाडून ठेवली आहे.